नसलेल्याची विभक्ती

बोरिवलीला थंडी पडते, हे उरलेल्या मुंबईला पटत नाही. दादरची माझी बहीण फोनवर हसते. "थंडी? अगं, पंखा दोनवरून एकवर आणला असशील, एवढंच ना!" हसू दे. नॅशनल पार्कच्या अंगाला राहणाऱ्यांना विचारा. डिसेंबरच्या मध्यावर एके सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला की फरशी गार लागते. माळ्यावरच्या बॅगेतून स्वेटर निघतात आणि दोन दिवस घरभर डांबराच्या गोळ्यांचा वास राहतो. आमचा वॉचमन माकडटोपी घालतो आणि ओळखू येईनासा होतो. शेजारच्या शाहभाभी उंधियूसाठी सुरती पापडी सोलायला दारात बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मूठभर सोलायला लावतात. बाजारात ओला हरभरा येतो, तुरीच्या शेंगा येतात, लाल गाजरं येतात. महिना, फार तर दीड महिना. मग थंडी जशी आली तशी निघून जाते.

यंदा ती आली त्या सकाळी मी गॅलरीत चहा घेत उभी होते. अंगावर काटा आला आणि तोंडातून निघालं, "म्न्ये खोलदन." मग स्वतःचाच राग आला. मला गार वाटतंय, असं मराठीत म्हणायला काय झालं होतं? समोर कावळ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि त्याला तरी कुठे रशियन येतं!

तीन थंड्यांपूर्वी मी रशियन शिकत होते. एकसष्टाव्या वर्षी. तो हिवाळा दरवर्षी ह्याच सुमाराला स्वेटरांबरोबर बॅगेतून बाहेर येतो.

आधी माझी ओळख करून देते. कांदिवलीच्या एका शाळेत मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वडील गिरणीत, आम्ही मूळचे देवगडकडचे, माझी शाळा परळची, म्युनिसिपालटीची, मराठी. इंग्रजी मी वाचनालयातली पुस्तकं आणून, आरशासमोर उभी राहून शिकले. कष्टाने मिळालेल्या गोष्टीचा तोरा जरा जास्तच असतो, तसा मला तिचा होता. हॉटेलात गेले की मेनूकार्डातली स्पेलिंगं लाल पेनाने दुरुस्त करायची आणि मगच ऑर्डर द्यायची. माझा मुलगा निनाद त्यामुळे माझ्याबरोबर हॉटेलात यायला तयार नसे. "आई, तू इडली खा ना, मार्क कशाला देतेस?" असं म्हणायचा.

निनाद एकुलता एक. त्याला इंग्रजी शाळेत घातलं, घरातही इंग्रजीच बोल म्हणून त्याच्या मागे लागले. इथे मेडिकलला जागा मिळाली नाही तेव्हा तो रशियात, कझानला शिकायला गेला. डॉक्टर झाला. हे गेले तेव्हा आठ दिवस येऊन राहिला आणि परत गेला. तिथल्याच लेनाशी लग्न केलं, तिथेच राहिला. मुलगी झाली तेव्हा तिचं नाव ठेवलं माया. "नाव दोन्हीकडे चालतं बघ, आई. आणि रशियनमध्ये 'मया' म्हणजे माझी," असं फोनवर सांगताना त्याचा आवाज फुटत होता. मी म्हटलं, छान. आणि पुढच्याच वाक्यात शिकवायला बसले. तो विचारत होता, हिच्याशी मराठी बोलू का? मी म्हटलं, "कशाला रे? घरात आधीच रशियन. इंग्रजी दे तिला, जगात कुठेही उपयोगी पडेल. मराठी काय, कधीही शिकेल."

त्याने ऐकलं. आईचं ऐकणारा मुलगा होता. पण ड्यूटीवरून थकून आलेल्या माणसाच्या तोंडी जी भाषा सहज येते तीच मुलाला मिळते, आणि निनादच्या तोंडी तोवर रशियन बसली होती. इंग्रजी राहिली, मराठी तर मीच नको म्हटली होती. मायाला एकच मराठी शब्द येत होता, आणि तो कुणी मुद्दाम शिकवला नव्हता.

त्या शब्दाची गोष्ट जुनी आहे. निनाद सात-आठ वर्षांचा होता. "आई, मी जातो," असं ओरडून जिना उतरायला लागला की मी त्याला दोन मजले परत चढून यायला लावायची. "जातो म्हणू नये. येतो म्हण." तो वैतागायचा. "पण मी जातोय ना!" "जाणारा माणूस येतो म्हणतो. आपल्यात तसंच असतं." घरात इंग्रजी बोल म्हणणारी मीच, पण ह्या एका शब्दापुरती मराठीवर अडून बसायची. तो शब्द त्याच्या अंगात मुरला. कझानला रोज सकाळी बूट चढवून, दारात उभं राहून तो मुलीला म्हणे, "येतो, माया." तीही हात हलवून म्हणे, "येतो, पापा." तिच्या लेखी येतो म्हणजे निरोप. टाटा, बाय-बाय, तसं काहीतरी.

मार्चमध्ये एका सकाळी तो येतो म्हणून निघाला. आपल्याकडे होळीचे दिवस, तिकडे रस्त्यावर अजून बर्फ. गाडी घसरली. माया चार वर्षांची होती.

व्हिसा होऊन मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. बारा दिवस राहिले. लेनाचं इंग्रजी तुटपुंजं, दुःखात तेही गळून पडलेलं. आम्ही एकमेकींना चहा करून द्यायचो. माया लांबून बघायची. एका दुपारी ती निनादचे हातमोजे घेऊन माझ्यापाशी आली, मांडीवर ठेवले आणि काहीतरी विचारलं. त्यातलं पापा एवढं मला कळलं. मला वाटलं, बाबाचे हातमोजे दाखवतेय. मी म्हटलं, "व्हेरी नाइस, बेटा, व्हेरी नाइस." तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारून तिने थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातमोजे उचलले आणि गेली.

परत येताना विमानात ठरवलं, ही भाषा शिकायची.

पुस्तक मागवलं ते इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं. मला वाटलं, आपलं राज्य. पण लेखक प्रत्येक धड्याच्या तोंडाशी हात जोडून उभा. इंग्रजी भाषकांना हे विचित्र वाटेल, धीर सोडू नका. इंग्रजी भाषकांना हे जमायला वेळ लागतो, घाबरू नका. आणि खरंच, इंग्रजीने माझा घातच केला. अक्षरं ओळखीची दिसायची आणि भलतंच बोलायची. इंग्रजी पी दिसतो तो र, एच दिसतो तो न, बी दिसतो तो व. नामाच्या आधी 'अ' नाही, 'द' नाही. चौतीस वर्षं मुलांच्या डोक्यात जी दोन अक्षरं मी ठोकून बसवली, त्यांच्यावाचून एक अख्खा देश खुशाल बोलत होता. इंग्रजीत शब्द रांगेत आपापल्या जागी उभे केले की अर्थ लागतो. इथे कुठलाही शब्द कुठेही उभा राहतो आणि अर्थ त्याच्या शेपटीत असतो. तीन महिने एकटीने डोकं आपटलं. पाठांतर रात्री येई आणि सकाळी जाई. शेवटी नोव्हेंबरात पास्कल सरांच्या क्लासला नाव घातलं.

पास्कल सर गोराईचे. घरची मच्छीमारी, थोडी शेती. तरुणपणी गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करत, आणि त्याच कामाच्या शिक्षणासाठी सोव्हिएत काळात तीन वर्षं ओदेसाला राहून आलेले. आता पंचाहत्तरीचे. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी बोटीने खाडी ओलांडून यायचे आणि स्टेशनजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत शिकवायचे. वर्गात सगळी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, पुढच्या वर्षी डॉक्टरकीसाठी रशियाला निघालेली. मध्ये मी, शाल पांघरून. शेजारी सानिका नावाची मुलगी बसायची. पहिल्याच दिवशी तिने माझ्या वहीत डोकावून सांगितलं, "आंटी, सहा केसेस आहेत म्हणे. इंग्लिशमध्ये किती बरं असतं, वर्ड ठेवला की झालं. आपली वाट लागली ना!"

सरांनी ते ऐकलं. मी शिक्षिका होते हे कळल्यापासून ते मला टीचर म्हणत. "टीचर, तुमचं इंग्लिश त्या बाहेरच्या चपलांजवळ ठेवून या बघू. इंग्लिशमधून रशियनला जाल तर मुलुंडवरून बोरिवलीला व्हाया मानखुर्द. घर, घराला, घराने, घरातून, घराचा, घरात. आपला शब्द कपडे बदलतो का नाय? रशियन पण तेच करते. बोला, द्वितीया!"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. सगळी इंग्रजी माध्यमाची. आणि माझ्या तोंडून, परळच्या शाळेतल्या सुरात, मान डोलावत निघून गेलं, "स, ला, ते. स, ला, ना, ते."

वर्ग खो खो हसला. मीही हसले. निनाद गेल्यावर मी पहिल्यांदा हसले ते त्या संध्याकाळी.

मग दारं उघडत गेली. इंग्रजी म्हणते, आय अॅम कोल्ड, म्हणजे मीच थंड. रशियन म्हणते, मला थंड, म्न्ये खोलदन. थंडी बाहेरची, ती मला येऊन लागते, मराठीत लागते तशीच. इंग्रजीला 'आहे'शिवाय वाक्य पुरं करता येत नाही. रशियन म्हणते, एता मोय सिन. हा माझा मुलगा. तीन शब्द, मराठीतही तीन, मध्ये 'आहे' नाही, काही नाही. मी घरी येऊन निनादच्या फोटोसमोर उभी राहून ते वाक्य म्हटलं. 'आहे'शिवाय ते पूर्ण होतं, हे मला फार बरं वाटलं. आयुष्यभर जी भाषा मी जिन्याखाली ढकलून ठेवली होती तीच मला हाताला धरून नेत होती. माझ्या नातीकडे जायचा रस्ता परळच्या शाळेतून जात होता, आणि तो मी माझ्या मुलासाठी बंद केला होता. हे कळलं तेव्हा बरंही वाटलं आणि रडूही आलं.

दुसऱ्याच आठवड्यात सरांनी प्रश्नवाचक शब्द घेतले. कोण, काय, केव्हा. फळ्यावर चौथा शब्द आला, ग्द्ये. कुठे. सर म्हणाले, "वाक्य करा. ग्द्ये मम्मा? ग्द्ये पापा?"

हातमोजे आठवले. तीन वेळा तिने विचारलं होतं. माझा बाबा कुठे आहे? आणि मी तीनही वेळा सांगितलं होतं, व्हेरी नाइस. त्या दिवशी मी क्लास अर्धा टाकून उठले. जिन्यात बसले होते तर सानिका पाण्याची बाटली घेऊन आली. "आंटी, बरं नाही का?" तिला काय सांगणार? म्हटलं, चुकीचं उत्तर दिलं होतं गं एकदा.

नाताळच्या सुमाराला 'नाही'ची पाळी आली. हे प्रकरण इंग्रजीवाल्यांना सगळ्यात विचित्र वाटतं, आणि इथे मराठीही मदतीला येत नाही. आपण म्हणतो, मुलगा आहे, मुलगा नाही. असो वा नसो, मुलगा हा शब्द आहे तसाच राहतो. रशियनमध्ये तसं नाही. जे असतं त्याचं रूप एक आणि जे नसतं त्याचं दुसरं. एखादी वस्तू, एखादं माणूस नाही म्हटलं की त्याचं नाव लगेच बदलतं. सर म्हणाले, "जे नाय, ते षष्ठीत जातं. का, ते विचारू नका. मी ओदेसात विचारलेलं, त्यांना पण ठाऊक नाय."

पुस्तकात शब्दांची यादी होती आणि एकेकाने एकेक घ्यायचा होता. माझ्याजवळ पुस्तक, माझ्याजवळ पुस्तक नाही. तिकीट, पासपोर्ट, भाऊ. आपल्याला कुठला येणार ते मी विद्यार्थ्यासारखं आधीच मोजून ठेवलं. माझ्या वाट्याला सिन होता. मुलगा. सरांना माझी हकीकत ठाऊक होती. पाळी आली तसे ते घाईने म्हणाले, "टीचर, तुम्ही पुढचा घ्या."

"नको सर. येतं मला."

येत होतं. सिनचं सिना होतं, शेवटी एक अ जोडायचा, इतकं सोपं. मी म्हटलं, "उ मिन्या न्येत...", म्हणजे माझ्याजवळ नाही, आणि पुढे आलं ते "सिन."

"सिना, आंटी, सिना," सानिकाने कानाशी पुटपुटत मदत केली. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा सिन. सरांनी खडू खाली ठेवला. "राहू दे. आज एवढंच."

दर रविवारी संध्याकाळी सहाला माझा व्हिडिओ कॉल असायचा. कझानला तेव्हा साडेतीन. तिकडे हिवाळ्यात सूर्य लवकर बुडतो, त्यामुळे माझ्या गॅलरीत आणि तिच्या खिडकीत एकदमच अंधारायचं. तो अर्धा तास मी आठवडाभर घोकायची. तू काय खाल्लंस, बर्फ किती आहे, मांजर कुठे आहे. माया माझे उच्चार ऐकून गादीवर लोळून हसायची. मला तेच हवं होतं. हळूहळू मी तिला निनादच्या गोष्टी सांगायला लागले. लहान असताना तो पावाला लोणी लावून वर साखर घालायचा. तो पाण्याला घाबरायचा. चुका करत, शब्द शोधत सांगायची. ती गप्प बसून ऐकायची आणि म्हणायची, अजून. माझ्याकडे अडतीस वर्षांच्या गोष्टी होत्या आणि ऐकणारी जगात ही एकच उरली होती. त्या भाषेवर माझं सगळंच टांगलेलं होतं.

आणि मग संक्रांत आली. मी तिला कॅमेऱ्यासमोर तिळगूळ धरून दाखवला. गोड खा आणि गोड बोल, हे रशियनमध्ये बिनचूक म्हटलं. स्वतःवर खूश होते. कॉल संपताना तिने नेहमीसारखा आजीला, म्हणजे बाबुश्काला, हात हलवला. "येतो, बाबुश्का!"

किती महिने ऐकत होते ते. त्या दिवशीच मला काय अवदसा आठवली! माझ्यातली लाल पेनवाली बाई उठून बसली. म्हटलं, आता येतंय तर सांगू या. मी हसत हसत रशियनमध्ये म्हटलं, "माया, येतो म्हणजे पका नाही. येतो म्हणजे या प्रिदू." पका म्हणजे बाय-बाय. या प्रिदू म्हणजे मी येईन.

ती हात तसाच वर धरून थांबली. पाच पुरी होऊन सहावं लागलेलं. तिच्या कपाळावर आठी पडली, निनादला गणित अडलं की पडायची तशीच. मग तिने अगदी हळू विचारलं, "ज्नाचित, पापा प्रिद्योत?"

म्हणजे, बाबा येणार?

मनात भाषांतर न करता मला थेट कळलेलं ते पहिलं रशियन वाक्य. उत्तराचं सगळं व्याकरण माझ्यापाशी होतं. जाऊन परत आला त्याला रशियनमध्ये वेगळं क्रियापद आहे, खदील. गेला तो गेलाच, त्याला वेगळं, उश्योल. इंग्रजीवाल्यांचा इथे फार गोंधळ होतो म्हणून ती जोडी मी शंभर वेळा घोकली होती. तोंडातून एकही आली नाही. मी मराठीत काहीतरी बोलायला लागले, अगं नाही, तसं नाही बाळा, ती म्हणायची पद्धत असते. तिला त्यातलं काय कळणार? ती "मम्मा!" म्हणून ओरडत, आनंदाने ओरडत, आत पळाली. मला पडद्यावर रिकामी खुर्ची दिसत राहिली.

पाच दिवसांनी लेनाचा इंग्रजी मेसेज आला. माया बालवाडीतून आली की दाराजवळ स्टूल घेऊन बसते. बाबा येणार म्हणते, बाबुश्काने सांगितलं. जेवायलाही उठत नाही. कृपा करून काही दिवस फोन करू नका. वाक्यांत एकही 'द' नव्हता आणि एकही 'अ' नव्हता. माझी नजर आधी त्यावरच गेली, ह्याची मला आजही लाज वाटते.

त्या आठवड्यात मी क्लासला गेले नाही. शुक्रवारी सकाळी सरांना गाठायला थेट खाडी ओलांडून गोराईला गेले. त्यांच्या दाराला नाताळची कागदी चांदणी अजून टांगलेली होती. अंगणात ऊन खात बसले होते. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "सर, आपला शब्दच खोटा आहे. जाणारा माणूस येतो कसं म्हणतो? ती पोरगी दाराशी बसलीय."

त्यांनी शेजारचा बाक माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "टीचर, आमच्या घरातून होडी निघते तवा कोण जातो बोलत नाय. माझा मोठा भाऊ पण येतो बोलूनच गेलेला. आमची आय दोन पावसाळे धक्क्यावर जाऊन बसायची. पण तिने कधी त्याला खोटा नाय म्हटला. ते काय वचन नाय, टीचर. मागणं आहे ते. देवाने आणलं तर येतो. रशियनमधी त्याला शब्द नाय. तुम्ही भाषांतर केलंत, तिथं चुकलं."

मी त्या दुपारी घरी येऊन मायाला पत्र लिहिलं. रशियनमध्ये, हाताने. सर म्हणाले होते, आणा, तपासून देतो. मी नेलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासलं, हे एक कुणी न तपासता जाऊ दे, असं वाटलं. लहानसंच होतं. येतो म्हणजे मी येईन असं सांगणं नाही. जातो म्हणायला आमची जीभ धजत नाही, म्हणून आम्ही तसं म्हणतो. तुझ्या बाबाला यायचं होतं. बाबा येणार नाही. तुला बाबा नाही. मला मुलगा नाही. मला तू आहेस. पोस्टात टाकलं.

उत्तर आलं नाही. फेब्रुवारीत थंडी गेली, क्लास संपला, सानिका वगैरे मुलं पांगली. गुडघे दुखतात म्हणून सरांनी बोरिवलीला येणं सोडलं. स्वेटर धुऊन मी पुन्हा बॅगेत भरले.

जूनमध्ये लेनाने कॉल पुन्हा सुरू केले. चांगली बाई आहे. पण माया आता खुर्चीत सरळ बसायची, विचारलं तेवढं सांगायची. बाबाच्या गोष्टी काढल्या की मांजराकडे बघायची. अजून म्हणायची नाही. शेवटी हात न हलवता म्हणायची, पका. अडीच वर्षं फक्त पका. माझी रशियन सुधारत गेली आणि बोलायचं कमी होत गेलं. विभक्ती म्हणजे वेगळं होणं, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ शाळेत कुणी सांगितला नव्हता. तो पुढे मीच शोधून काढला.

गेल्या रविवारी कॉल लागला तेव्हा दोन्हीकडे अंधारत होतं. मी शाल घेऊन गॅलरीत बसले होते. मायाला आता नववं लागलंय. तिच्या हातात एक घडीचा कागद होता. म्हणाली, मम्माने तुझं पत्र कपाटातून काढून दिलं, आता मला हाताने लिहिलेलं वाचता येतं. आणि मग गंभीरपणे म्हणाली, "बाबुश्का, अकरा चुका आहेत. मी दुरुस्त केल्यात."

तिने पत्र कॅमेऱ्यासमोर धरलं. मी चष्मा पुसून लावला. माझं वेडंवाकडं अक्षर आणि त्यावर लाल पेन्सिल. एकेक चूक खोडून वर नीट लिहिलेली, मी मुलांच्या वह्यांत करायची तशी. हे तिला कुणी शिकवलं नसणार. मी ओळीवरून ओळ वाचत खाली आले. तुला बाबा नाही. ह्या वाक्यावर लाल खूण नव्हती. तिच्या बाबाचं नसलेलं रूप मी बरोबर लिहिलं होतं. खालच्या ओळीत, मला मुलगा नाही, तिथे मी तेव्हाही सिन असंच लिहून ठेवलं होतं. जसा असताना असतो तसाच. त्या शब्दाच्या शेवटी तिने एक छोटा लाल अ जोडला होता.

तिचं बोट नेमकं त्यावरच होतं. "प्राविल्न?" तिने विचारलं. बरोबर?

मी शिक्षिका आहे. बरोबरला चूक म्हणता येत नाही. "प्राविल्न," मी म्हटलं. बरोबर आहे, बाळा. आता मला उ मिन्या न्येत सिना असं म्हणता येतं. तिने पडद्याच्या जवळ येऊन बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी रडत होते आणि ते लपवायला शाल पुरली नाही.

मग तिने पत्राची घडी केली. आतून लेनाने हाक मारली. तिने हात वर केला, जरा थांबली, आणि म्हणाली, "येतो, बाबुश्का."

ती मुलगी आहे. येते म्हणायला हवं. बापाच्या तोंडून ऐकला तसा, पुल्लिंगीच शब्द तिच्या जिभेवर राहिलाय. चौतीस वर्षांची सवय माझ्या ओठांपर्यंत आली, आणि मी ती गिळली. ही एक चूक मी कधीच दुरुस्त करणार नाही. माझ्या मुलाचं बोलणं जगात आता तेवढंच शिल्लक आहे.

येतो म्हणणाऱ्याला आपल्यात एकच उत्तर देतात.

"ये," मी म्हटलं. "ये हं."